फळ्यांची भिंत

जुलैच्या उत्तरार्धात वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या जुन्या माडीच्या घरात जावं आणि पश्चिमेकडच्या फळ्यांवर तळहात टेकवावा. लाकूड ओलं लागत नाही, पण कोरडंही लागत नाही. गार आणि जड लागतं. त्या दिवसांत दारं चौकटीत घट्ट बसतात, खिडकीचं झडप खांद्याने ढकलावं लागतं, कपाटाचा खण अर्ध्यावर अडतो. तीच भिंत मे महिन्यात पाहिली तर फळ्याफळ्यांच्या मधून उन्हाच्या बारीक रेघा आत उतरलेल्या असतात आणि रात्री वारा सुटला की सगळी माडी करकरते. जांभ्याची भिंत बारा महिने एका मापात उभी असते. लाकडाची भिंत दरवर्षी फुगते आणि दरवर्षी आकसते. ज्याला ती घराला बाहेरून लावायची आहे, त्याने तिचं हे हलणं आधी मान्य करायला हवं.

हे लिहायचं कारण असं, की गेल्या काही वर्षांत दापोलीपासून मालवणपर्यंत नव्या घरांच्या दर्शनी भागावर फळ्या दिसायला लागल्या आहेत. आत सिमेंटची भिंत, बाहेरून लाकूड. आर्किटेक्ट त्याला क्लॅडिंग म्हणतात. पहिल्या दिवाळीत घर देखणं दिसतं. दोन-तीन पावसाळे गेले की फळ्यांच्या खालच्या टोकांना काळं चढतं, पॉलिशचे पापुद्रे सुटतात, खिळ्यांभोवती डाग पसरतात, आणि मग मालक म्हणतो, कोकणात लाकूड टिकत नाही. हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. ज्या मुलखात आजोबा-पणजोबांच्या वेळच्या तुळया अजून छप्पर पेलून उभ्या आहेत, त्या मुलखाबद्दल ते बोललं जातं.

आमच्या माडीच्या फळ्या बदलायला जे मेस्त यायचे, त्यांना मी एकदा विचारलं होतं, "मेस्तानु, एवढ्या पावसात ह्या फळ्या कुजायच्या नाहीत का?"

रंधा मारता मारताच ते म्हणाले, "वयनीनु, लाकूड पावसान मरणा नाय. घुसमटून मरता."

पुढे लाकडाबद्दल जे काही वाचलं, ते या एका वाक्याचा खुलासा करणारंच निघालं. लाकूड तोडलं, चिरलं, वाळवलं, तरी त्याचं हवेशी देणंघेणं संपत नाही. हवेत सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असली तर लाकडाच्या वजनात साधारण १२ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली आणि तिथेच मुक्काम करून राहिली, तर लाकडातलं पाणी २० टक्क्यांपर्यंत चढतं. लाकूड २० टक्क्यांच्या खाली ठेवलं तर कुजवणारी बुरशी त्यात रुजत नाही, हा सगळीकडे मानला जाणारा नियम. म्हणजे किनारपट्टीवरचं लाकूड आषाढ-श्रावणात, पावसाचा एक थेंबही अंगावर न घेता, नुसत्या हवेने धोक्याच्या काठावर जाऊन बसतं. त्यात कुठून तरी खरं पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ते काठ ओलांडतं. दोन दिवस भिजून तिसऱ्या दिवशी वाळणाऱ्या फळीला काही होत नाही. दोन महिने न वाळणारी फळी, मग ती उत्तम सागाची का असेना, हळूहळू मऊ पडते.

थंड देशातल्या लाकडी घरांचे फोटो पाहून इथे घर बांधणाऱ्याला नेमकं हेच दिसत नाही. तिथे पाऊस पडला तरी बुरशीला वाढायला लागणारी ऊब वर्षाचा बराच काळ नसते. आपल्याकडे ऊब आणि ओल एकाच वेळी येतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि त्या दिवसांत पारा फारसा खाली उतरत नाही. बुरशीला याहून चांगले दिवस नाहीत.

आपल्या जुन्या लोकांनी याला उत्तर म्हणून भिंतीला पावसाळ्यापुरती वेगळी भिंत दिली होती. मिरगाच्या आधी घराच्या पावसाळी अंगाला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, मधोमध चिरायच्या, पाती एकमेकांत विणायची, आणि वळचणीपासून खाली बांबूच्या आडव्या काठ्यांना ते झाप एकावर एक ओळीने बांधत यायचं. मूळ भिंत आणि झाप यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. झड आली की पाणी झापावरून निथळायचं, आणि वारा मात्र विणीतून आत येत राहायचा. दसरा-दिवाळीला झाप उतरले की त्यांचा उपयोग चुलीला. बाहेरचं आवरण झिजायचं, आतली भिंत राहायची. लाकडी आवरणाचं जे शास्त्र आज पुस्तकांत सांगतात, की बाहेरच्या थराने पाऊस झेलावा, मधल्या पोकळीने वारा खेळवावा आणि आतल्या भिंतीने कोरडं राहावं, ते सगळं या झापांत होतं.

आता झापांच्या जागी निळी ताडपत्री आली. विणायला माणूस मिळत नाही, माडावर चढायला तर त्याहून मिळत नाही, तेव्हा ताडपत्री लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण ती भिंतीला चिकटून बांधू नये. श्रावणात दोन सरींच्या मध्ये जे कडक ऊन पडतं, त्यात ताडपत्रीखाली वाफ धरते आणि लाकूड शब्दशः शिजतं. मध्ये वीतभर अंतर राहील अशा बांबूंवर ती ताणावी आणि खालची कड मोकळी सोडावी. एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

लाकूड कोणतं, हा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पण तो आहेच, आणि मला आवडणारा आहे, त्यामुळे त्यावर थोडं रेंगाळते.

साग पहिला, याबद्दल वाद नाही. त्याच्या अंगात तेल आहे, वाळवीला आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं आहेत, आणि ओलीने फुगण्या-आकसण्याचं त्याचं प्रमाण कमी आहे. सागाचा आणखी एक गुण फारसा बोलला जात नाही. ओकसारख्या लाकडातलं आम्ल लोखंडाचे खिळे खातं. सागात लोखंड बरंच सुखरूप राहतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जहाजं बांधली, त्यांतलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगतं आहे. दोनशे वर्षं ओलाव्यात राहिलेल्या लाकडाचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

पण तो साग जंगलातला, सावकाश वाढलेला होता. आज 'साग' म्हणून जे विकलं जातं त्यात लागवडीतल्या कोवळ्या झाडांचा वाटा मोठा आहे, आणि कोवळ्या झाडात पक्व गाभा थोडा, बाहेरचं फिकट, पांढरं लाकूड जास्त. सागाचे सगळे गुण त्या गडद गाभ्यात असतात. पांढऱ्या लाकडात झाडाने स्वतःसाठी साठवलेलं पिष्ट असतं, आणि त्यावर भुंगा टपलेला असतो. नव्या फळीखाली सकाळी बारीक पीठ पडलेलं दिसलं तर समजावं, पांढरं लाकूड गळ्यात मारलं आहे. म्हणून वखारीत गेलं की फळीची नुसती दर्शनी बाजू पाहू नये, तिचं तोंड, म्हणजे आडवं कापलेलं टोक पाहावं. गाभा कुठवर आहे आणि पांढरं कुठून सुरू होतं ते तिथे लपत नाही. गाभ्याची ऐनाची किंवा किंजळीची फळी ही पांढऱ्या सागापेक्षा कितीतरी बरी, फक्त ऐन वाळताना वाकतो आणि तडकतो, म्हणून त्याला वर्षभर सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवण्याचा धीर हवा. रायवळ आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात. त्या खोक्यांना चालतात, बाहेरच्या भिंतीला नाही.

आणि फणस. माझं मन फणसावर आहे. नुकता चिरलेला फणस हळदीसारखा पिवळा दिसतो आणि वर्षागणिक तांबूस, मग गडद तपकिरी होत जातो. वाळवी त्याच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. फार न वाकणारं, पटाशीला ऐकणारं लाकूड. वीणा आणि मृदंग त्याचे होतात. आरवलीच्या वेतोबाची मूर्तीही पूर्वी फणसाच्या लाकडाची असे. आमच्या माडीच्या जुन्या फळ्या फणसाच्याच आहेत, आणि त्यांतल्या ज्या वळचणीच्या आडोशाला आहेत त्यांना अजून रंध्याची पहिली सफाई दिसते.

मात्र फणस तोडण्याबद्दल आपल्याकडे फार जुनी ताकीद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं ते सांगितलं आहे. साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावं, पण आंबा, फणस ही झाडं आरमाराच्या कामाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं, बळजोरी करू नये. ज्या राज्याला आरमाराची तातडीची गरज होती, त्याने हा संयम दाखवला. घराच्या दर्शनी भिंतीसाठी फळ देणारा फणस आडवा करताना आपण निदान तेवढा विचार करायला हरकत नाही. वादळात पडलेला, म्हातारा झालेला फणस मिळाला तर त्याची फळी घ्यावी आणि जपून वापरावी.

आता पहिला प्रश्न, की फळी लावायची कशी.

सागाची २० सेंटिमीटर रुंदीची फळी आषाढ ते मे या काळात रुंदीत अडीच-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. एका फळीत हे दिसत नाही, दहा फळ्यांत ते बोटभर होतं. तिला दोन्ही कडांना खिळे ठोकून जखडलं तर ती मधोमध चिरते किंवा पन्हळीसारखी वळते. म्हणून फळ्या अरुंद घ्याव्यात, दहा-बारा सेंटिमीटरच्या. एक दुसरीवर चढलेली असावी, आणि प्रत्येकीला एकाच कडेला पकडावं. शक्य असेल तर वखारवाल्याकडून उभ्या रेषांची, म्हणजे वर्तुळांना काटकोनात चिरलेली फळी मागावी. अशा चिरेत फुगणं जवळपास निम्म्यावर येतं. खिळे साधे लोखंडी नकोत. खाऱ्या हवेत ते दोन वर्षांत गंजतात आणि लाकडातल्या कषायाशी मिळून शाईसारखे काळे ओघळ सोडतात. समुद्राजवळ ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू महाग पडतात, तरी तेच घ्यावेत.

सिमेंटच्या भिंतीवर फळी थेट चिकटवू नये, हे मला सगळ्यांत मोठ्याने सांगायचं आहे. आधी भिंतीवर उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर आडव्या, मग फळ्या, आणि मध्ये किमान दोन सेंटिमीटरची पोकळी, खाली आणि वर उघडी. खालून हवा शिरते, तापून वर निघून जाते आणि ओल घेऊन जाते. उघड्या तोंडांना बारीक जाळी हवीच, कारण कुंभारीण माशीला अशी जागा फार आवडते. ती चिखलाची घरटी बांधून सगळी पोकळी बुजवून टाकते, आणि मालकाला कळतही नाही की भिंतीचा श्वास कधी बंद झाला.

लाकूड पाणी पितं ते तोंडाने. फळीच्या सपाट अंगापेक्षा तिच्या आडव्या कापलेल्या टोकातून पाणी कितीतरी पट वेगाने आत शिरतं, म्हणून भिंत आधी खालून कुजते. फळीचं खालचं टोक तिरकं कापावं म्हणजे थेंब बाहेरच्या धारेवरून गळतो, आणि ते टोक फळी चढवण्याआधी तेलात चांगलं मुरवावं. चढवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. जमिनीपासून फळी वीतभर तरी वर राहावी. पागोळीचं पाणी अंगणात आपटून उडतं, त्याची माती जोत्यावर कुठवर चढते ते पावसाळ्यात पाहून ठेवावं आणि त्याच्या वर लाकूड सुरू करावं. जुन्या घरांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो तो याचसाठी. लाकूड आणि जमीन यांची गाठ पडू द्यायची नाही. वाळवीला चढायचंच असेल तर ती दगडावरून मातीचा बोगदा बांधत येते, आणि तो डोळ्यांना दिसतो.

या सगळ्याच्या वर छप्पर. वळचण दोन हात पुढे असेल तर भिंतीचं आयुष्य तिथेच ठरलं. नव्या घरांची पेटीसारखी, बिनवळचणीची रूपं मला या हवेत कळत नाहीत. केरळी बांधणीचा पद्मनाभपुरमचा राजवाडा, आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात असलेला, लाकडाच्या जाळीदार, बाहेर झुकलेल्या भिंतींसाठी पाहावा. त्या भिंतींतून दिवसभर वारा वाहतो, आणि वरचं कौलारू छप्पर इतकं खाली उतरलेलं आहे की पाऊस त्यांच्यापर्यंत फारसा पोचतच नाही.

रंगाचा विषय मात्र वादाचा आहे. ऑइलपेंट आणि चकचकीत पॉलिश लाकडावर कातडं चढवतात. फळी खाली हलते, कातडं हलत नाही, त्याला चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं आणि कातड्यामुळे बाहेर येत नाही. बाहेरच्या फळीला तेल हवं, मुरणारं. जवसाचं तेल अनेकजण सुचवतात, पण नुसतं कच्चं जवस आपल्या हवेत काळं पडतं, कारण बुरशीला ते खाद्यच आहे. किनाऱ्यावर होड्यांना उंडेल, करंजेल लावत, आणि अजूनही लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, तेव्हा हा उपाय वाटतो तेवढा प्राचीन नाही, पण तो इथल्या लाकडाला विलक्षण मानवला आहे. बिब्ब्याच्या कुळातलं झाड. तसंच दाहक द्रव्य, त्वचेवर फोड उठवणारं आणि किड्यांना नको असणारं. लाकडात मुरून ते हळूहळू घट्ट होतं आणि फळीला काळपट तपकिरी रंग देतं. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, उघड्या अंगाला खोबरेल चोपडावं, लहान मुलांना लांब ठेवावं. तेल मार्च-एप्रिलमध्ये लावावं, कारण ते वाळायला वेळ घेतं आणि मिरगाच्या आधी पुरतं वाळायला हवं. ज्यांना तो काळा रंग नको असेल त्यांनी बाजारातलं बुरशीनाशक मिसळलेलं, मुरणारं तेल घ्यावं. आणि ज्यांना काहीच लावायचं नसेल, त्यांनी उत्तम गाभ्याचं लाकूड वळचणीखाली उघडं सोडावं. उन्हाने ते राखाडी होतं. ते राखाडी होणं वरवरचं असतं, आतला गाभा शाबूत राहतो. मला तो रंग सुंदर वाटतो.

राखणीचं काम फार नाही, पण चुकवून चालत नाही. नवरात्राच्या सुमारास, पाऊस सरला की, फळ्या मऊ कुंच्याने आणि साध्या पाण्याने धुवाव्यात. जोराच्या फवाऱ्याने धुतलं तर पाणी सांध्यांतून आत जातं. दाभण घेऊन खालची टोकं टोचून पाहावीत. दाभण सहज रुतलं तर ते टोक गेलं. बांधतानाच सर्वांत खालची फळी वेगळी, आडवी लावून ठेवली असेल, तर तेवढीच काढून नवी बसवता येते. फुटलं कौल बदलावं, पन्हळीतला पाचोळा काढावा, भिंतीला टेकलेली सरपणाची थप्पी हलवावी, जास्वंदीची फांदी छाटावी. सगळं मिळून आठवडाभराचं काम, पण ते करायला घरात कुणीतरी हवं.

माझा अडखळा इथेच आहे. ही नवी घरं बहुतेक वर्षभर कुलपात असतात. मालक मुंबई-पुण्याला, राखणदार आंब्याच्या बागेत, आणि पावसाळ्यात खिडक्या उघडणारं कुणी नाही. जुन्या माड्या लाकडाच्या मोठेपणाने टिकल्या तशा त्या घरात चूल पेटत होती म्हणूनही टिकल्या. धूर माळ्यापर्यंत जाई, दारं रोज उघडत, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाला फळी मऊ लागली की त्याच दिवशी कळत असे.

तेव्हा घर बांधायला निघालेल्यांना माझी विनंती आहे. तुम्ही तिथे राहणार असाल तर लाकूड जरूर लावा, आणि नवं झाड पाडण्याआधी जुन्या घरांच्या मोडीतलं लाकूड वखारीत विचारा. तसा गाभा आता सहज मिळत नाही. घर कुलपात ठेवायचं असेल तर बाहेरच्या भिंतीला लाकूड लावू नका. जांभा उघडा राहू द्या, आणि फळ्या आत, माडीवर वापरा.